गोलकीपरला सरळ उत्तर

ओत्सोवर मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा तो कोण आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ओरडलेच असते म्हणा.

नोव्हेंबरातली सकाळ होती. बाहेर मिट्ट काळोख, आत आइस हॉकीच्या रिंकवर सगळे दिवे लागलेले, आणि मी बर्फाच्या गाडीवर बसून शेवटची फेरी मारत होते. गाडीचं पातं पुढे ओरखडलेला बर्फ खरवडतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ हात फिरतो. ते पाणी गोठेपर्यंत बर्फाला कुणी पाय लावायचा नाही. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घरातलं कुणी चालत नाही, तसंच ते.

आणि हा बाबा बिनधास्त चालत होता! अंगभर गाद्या बांधलेला एक आडदांड माणूस गोलच्या पुढ्यात उभा राहून स्केट्सच्या धारेने माझा ताजा बर्फ खरवडत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे... खर्र, खर्र, खर्र.

"ए! डोळे घरी ठेवून आलास का?" मी गाडी थांबवून ओरडले. "बर्फ ओला आहे!"

त्याने मुखवटा वर सारला. घामाने कपाळाला चिकटलेले पिवळट केस आणि अगदी शांत, करडे डोळे.

"गुळगुळीत बर्फावर मला नीट उभं राहता येत नाही," तो म्हणाला. "गोलकीपरला खडबडीत लागतो."

"मग जरा थांबायला काय झालं होतं?"

तो क्षणभर विचारात पडला. "काही नाही. थांबायला हवं होतं. चूक झाली."

आता मी गडबडले. मी भांडायला कंबर कसून बसलेली, आणि हा सरळ चूक कबूल करून मोकळा! आमच्या सावोत असं कुणी करत नाही. इथल्या माणसाने आधी म्हटलं असतं, "ओला असेलही, नसेलही." मग म्हटलं असतं, "बर्फच तो, ओला व्हायचाच." सावोचा माणूस बोलला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं उरलेला फिनलंड आमच्याविषयी म्हणतो. आम्हाला विचाराल तर आम्ही म्हणू, लोक काय, बोलतातच.

"पुढच्या वेळी थांबलास तरी चालेल," मी म्हणाले.

"चालेल म्हणजे थांबू की नको?"

मी उत्तर न देता गाडी वळवली. पण वळवताना एकदा मागे पाहिलं. तो अजून माझ्याकडेच बघत होता, खरोखर उत्तराची वाट पाहत.

"नवा आहे तो," रेइनो म्हणाला. रेइनो आमच्या रिंकचा प्रमुख. निवृत्तीला आलाय, पण हे त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही. "आपल्या पहिल्या गोलकीपरची जांघ दुखावली ना, म्हणून आणलाय. पोह्यान्माचा आहे. तिकडची जमीन सपाट आणि माणसंही सपाट. विचारलं की उत्तर देतात."

"वाईट खोड," मी म्हणाले.

"चहूबाजूंनी वाईट," रेइनो म्हणाला आणि कॉफी ओतली.

*

दुसऱ्या दिवशी ओत्सो दाराशी उभा राहिला. गाडी आत गेली, दार लागलं, तरी उभाच.

"आता येऊ?" त्याने हाक मारली.

"येणारा येतो."

"म्हणजे येऊ?"

"अरे ये रे बाबा!"

तो हसला. मुखवट्याच्या जाळीमागे हसू नीट दिसत नाही, पण डोळे बारीक झालेले दिसतात. मला ते दिसले. सरावानंतर तो कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन बसला. मी वेलचीचा पाव कॉफीत बुडवून खात होते.

"ती गोलसमोरची निळी जागा कोण रंगवतं?" त्याने विचारलं.

"ऑगस्टमध्ये बर्फ घालतात तेव्हा कुणीतरी रंगवतं."

"कोण?"

"गुडघे कुणाचे दुखत होते, त्यावरून कळतं."

तो जरा वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मग त्याचे कान हळूहळू लाल झाले. "तू रंगवतेस. म्हणजे मी रोज तुझ्या रंगावर उभा राहतो."

"आणि रोज खरवडतोस. मी तासभर खपून आरसा करायचा, तू दोन मिनिटांत त्याची खवणी करायचीस."

"सवय लागेल तुला," तो म्हणाला. "...म्हणजे, मी राहिलो तर."

मग कळलं की ‘राहिलो तर’ हेच त्याचं सगळं आयुष्य होतं. तो जन्मभराचा दुसरा गोलकीपर. प्रत्येक संघात दोन असतात. पहिला खेळतो. दुसरा टोपी घालून बाकाच्या टोकाला बसतो आणि पहिल्याला काही होण्याची वाट पाहतो, आणि वाट पाहतोय याची त्याला लाजही वाटते. दर एप्रिलला करार संपतो, दर एप्रिलला बॅगा भरायच्या. त्याने उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अर्धा डझन गावं अशी पाहिली होती, आणि प्रत्येक गावात त्याला फक्त रिंक, खोली आणि जवळचं दुकान एवढंच ठाऊक होतं.

"पण बाकावर बसून तू करतोस काय?" मी विचारलं.

"दार उघडतो. खेळाडू बाकावरून बर्फावर जातात ना, तेव्हा. मी फार छान दार उघडतो, केर्तू. लीगमध्ये माझ्यासारखं कुणी उघडत नाही."

मी हसले. तो हसला नाही. आणि मला वाटलं, अरेच्चा, हे याने फार लोकांना सांगितलेलं नाही.

*

त्या हिवाळ्यात मात्र तो खेळला. आधी सगळे म्हणाले, बघू. मग काहीच म्हणेनासे झाले, आणि सावोत कौतुक म्हणतात ते हेच. सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कुणी बोलत नाही, तो दिवस त्याचा एकट्याचा असतो. मीही नाही बोलायचे. पण मध्यंतरात मी गाडी घेऊन बर्फावर उतरायचे तेव्हा तो आत जाता जाता थांबायचा. काठी जराशी उचलायचा... एवढीशी. हजारो लोक सॉसेज खात असायचे, त्यातलं कुणी पाहत नसे. माझी मात्र त्या फेरीत एक कड हमखास सुटायची.

"पूर्वेकडची कड राहिली," रेइनो म्हणायचा.

"राहिली असेलही."

"मागच्या शनिवारीही राहिली होती. त्या बाजूने गोलकीपर आत जातो, नाही का?"

फेब्रुवारीत एका रविवारी मी ओत्सोला तळ्यावर नेलं. बर्फात भोक पाडलं, दोन स्टुलं मांडली, गळ सोडले. सगळीकडे पांढरं, निश्चल, आणि उन्हाला नुकती कुठे ऊब यायला लागलेली. त्याच्याबरोबर गप्प बसणं मला फार आवडायचं.

"मला तू आवडतेस," तो एकदम म्हणाला.

असं! ना प्रस्तावना, ना वळण. माझा गळ हातातून सुटता सुटता राहिला.

"मासे काही लागत नाहीयेत आज," मी म्हणाले.

"नाहीत," तो म्हणाला. "पण तू आवडतेस."

माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की तळाचे मासेसुद्धा पळाले असतील. काहीतरी बोलायला हवं होतं. मी माझ्या परीने सगळं धाडस गोळा केलं आणि म्हणाले, "थंडी वाढलीये. माझे हातमोजे मोठे आहेत. एकात दोन हात मावतील."

त्याने स्वतःचे हात वर करून दाखवले. "माझ्याकडे आहेत हातमोजे."

देवा! मी तळ्याच्या भोकात बघत बसले. वाटलं, उडी मारावी. थोडा वेळ गेला. दूर कुणीतरी स्कीवरून चाललं होतं. आणि मग... त्याने सावकाश आपला उजवा हातमोजा काढला, खिशात ठेवला, आणि तो गरम, रुंद, चेंगरून वाकडी झालेली बोटं असलेला हात माझ्या हातमोज्यात घातला.

"मला जरा उशिरा कळतं," तो पुटपुटला.

"पण कळतं," मी म्हणाले. हे माझ्यापुरतं फारच सरळ झालं होतं, म्हणून मी लगेच मान वळवली.

*

एप्रिलात आम्ही उपांत्यपूर्व फेरीत हरलो. शेवटच्या सामन्यात जादा वेळेपर्यंत ओत्सोने जे जे अडवलं ते अजून गावात बोललं जातं. मग पकची रबरी चकती कुणाच्या तरी स्केटला लागून वळली, त्याच्या पॅडखालून सरकली, आणि गोल झाल्याचा लाल दिवा मागे पेटला. संपलं सगळं. खेळाडूंनी हस्तांदोलन केलं, लोक गेले, दिवे निम्मे झाले, तरी तो गोलसमोर गुडघ्यांवर बसून होता.

मला बर्फ करायचा होता. मी गाडी दारात आणली आणि इंजिन बंद करून बसून राहिले. कितीतरी वेळाने तो उठला, सावकाश माझ्याजवळ आला. डोळे लाल होते.

"गाडी का नाही आणलीस आत?"

"पाणी तापत होतं."

"तू माझ्यासाठी थांबली होतीस."

"असेलही," मी म्हणाले. त्याने कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. त्याच्या अंगाला ओल्या चामड्याचा वास येत होता, आणि तसंच बसून राहावंसं वाटत होतं.

आठवड्याने तो गाडीच्या शेडमध्ये आला. मी पातं बदलत होते.

"स्वीडनमधून बोलावलंय," तो म्हणाला. "उत्तरेकडचा एक क्लब. पहिला गोलकीपर म्हणून. इथला क्लबही ठेवून घेतोय, पण दुसरा म्हणून. इथला पहिला आता बरा झालाय." तो थांबला. "शुक्रवारी कळवायचंय. केर्तू, मी राहू का?"

असा प्रश्न कुणी कुणाला विचारतं का! माझ्या हातात पाना होता. राहा, राहा, राहा, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. पण डोळ्यांपुढे तो बाक आला, ती टोपी आली, इतरांसाठी उघडलेलं दार आलं. माझ्यामुळे हा पुन्हा तिथे बसणार? त्याच्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला मधोमध उभं राहायला बोलावत होतं. आणि जा म्हणावं, तर तेही तोंडातून फुटेना.

"राहायचं तर राहावं," मी म्हणाले. "जायचं तर जावं. रस्ता काय, दोन्हीकडे असतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. नोव्हेंबरात पाहिलं होतं तसंच, खरोखर उत्तराची वाट पाहत.

"बरं," तो शेवटी म्हणाला आणि निघून गेला. मी पात्याचा एकच बोल्ट उगाच आवळत बसले.

*

शुक्रवारी रेइनो कॉफी ढवळत म्हणाला, "सही केली म्हणे त्याने. स्वीडनला."

माझा कप बशीवर आदळला. "पण मी तर त्याला ‘राहायचं तर राहावं’ म्हटलं होतं!"

रेइनोचा चमचा थांबला. "काय सांगतेस? इतकं उघड?"

"तेच ना!"

"अगं, मी हिल्क्काला लग्नाचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणालो होतो की माझ्या घरात दोन कप आहेत."

"आणि तिला कळलं?"

"ती सावोची. ती म्हणाली, कप दोन असले तर धुवावे लागतात." तो खिडकीबाहेर बघत राहिला. तळ्यावरचा बर्फ काळवंडून काठापासून सुटला होता. "तो पोरगा पोह्यान्माचा आहे, केर्तू. तिकडे ‘राहा’ म्हणायचं असलं की ‘राहा’ म्हणतात. त्याला वाटलं असणार, हिला काही फरक पडत नाही."

"मग आता?"

"आता काय. आम्ही म्हातारी माणसं. आम्हाला काय कळतंय."

मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. मग तोंड धुतलं आणि नीट विचार केला. त्याला थांबवायचं नव्हतं मला. सही झाली हे बरंच झालं होतं. त्याला मधोमध उभं राहताना मी पाहिलं होतं, आणि तो तिथलाच होता. पण हिला काही फरक पडत नाही, असं मनात घेऊन तो जाणार होता, आणि ते मला सहन होईना. सोमवारी सकाळी मी एक फोन केला. मग मी रेइनोकडे गेले आणि एका हिवाळ्याची रजा मागितली.

"जाणाऱ्याने जावं, येणाऱ्याने यावं," रेइनो म्हणाला. "गाडीची किल्ली खिळ्यावर असते. कुणी हलवत नाही."

मी त्याच्या गालाची पापी घेतली. तो इतका दचकला की दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

*

मे महिन्यात आम्ही बर्फ वितळवतो. खालच्या नळ्यांतून ऊब सोडायची आणि पाणी ओसरायची वाट पाहायची. रेषा पसरतात, जाहिरातींची अक्षरं एकमेकांत वाहून जातात, आणि रिंकमध्ये तळ्याकाठचा वास येतो. मी रबरी बूट घालून मधोमध उभी होते, हातात लांब दांड्याचा खराटा. ओत्सो दारातून आत आला. साध्या कपड्यांत तो निम्मा वाटायचा.

"दुपारी निघतोय," तो म्हणाला. "निरोप घ्यायला आलो. आत येऊ?"

"ये."

तो दारातच थबकला. "‘ये’ म्हणालीस?"

"हो रे, ये म्हणाले. ये इकडे."

तो पचक पचक पाणी तुडवत आला. बूट भिजले, त्याचं त्याला भान नव्हतं. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. छताच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, मऊ आणि एकसारखा.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "मी सांगत असताना मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी हवापाण्याचं बोलायला लागेन."

त्याने मान हलवली.

"त्या दिवशी तू विचारलंस, राहू का. तेव्हा मला ‘राहा’ म्हणायचं होतं. आणि ‘जा’ही म्हणायचं होतं. दोन्ही एकदम तोंडात आलं आणि मी भलतंच बोलले. मला फरक पडतो, ओत्सो. तू नसशील त्या रिंकवर मला गाडी चालवायची नाहीये. पण तू बाकावर बसून कुणासाठी दार उघडायचं नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. तू जा. खेळ." मी दम घेतला. "झालं. आता बोल."

त्याने आधी भिजलेल्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोल ना!"

"करार एका वर्षाचा आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तू... तू इथे असशील ना?"

"नसेन."

त्याचा चेहरा उतरला. मी घाईघाईने पुढे बोलले, कारण या माणसाला एक क्षणही चुकीचा अर्थ हातात देऊन चालत नाही, हे मी आता शिकले होते.

"तिथल्या रिंकवर फोन केला मी. शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये. विचारलं, बर्फ करायला माणूस हवाय का. ते म्हणाले, ऑगस्टपासून हवाय, गाडी चालवता येते का? मी म्हटलं, हो."

"तू ‘हो’ म्हणालीस?"

"तोंडावर. सरळ. एकदाच."

तो बघतच राहिला. मग हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग एकदम गंभीर झाला. भुवया आक्रसल्या. लहान मुलाची वाटणी कुणी दुसऱ्यालाच द्यावी तसा त्याचा चेहरा झाला.

"त्या स्वीडिश माणसाला तू ‘हो’ म्हणालीस," तो म्हणाला. "मला आजपर्यंत एकदाही नाही म्हणालीस."

"तू नीट विचारलंसच कुठे?"

त्याने माझ्या हातातला खराटा काढून घेतला आणि कठड्याला टेकवून ठेवला. परत आला. माझे दोन्ही हात धरले. पाऊस वाजत होता, पायांखाली निळं पाणी हलत होतं, आणि तो इतक्या जवळ होता की त्याच्या पापण्या मला मोजता आल्या असत्या.

"केर्तू," तो म्हणाला, "तुझं माझ्यावर प्रेम आहे का?"

जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं... असेलही, बघू या, लोक काय, बोलतातच, पाऊस लागलाय आज. माझी आजी, तिची आजी, अख्खा सावो माझ्या घशात दाटीवाटीने उभा होता. तो वाट पाहत होता. या वेळी मी त्याला ताटकळत ठेवलं नाही.

"हो," मी म्हणाले, आणि पुढे एक शब्दही जोडला नाही.